वावरातलं हाड कोणाचं?

वावर नांगरताना मोहरांचा हंडा लागला तर काय करायचं, हे आपल्याकडे १८७८ पासून ठरलेलं आहे. त्या साली केलेला गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. पुरून ठेवणारा मालक पुढे आला नाही आणि दुसरा काही करार नसला, तर तीन हिस्से ज्याला सापडला त्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला तो ऐवज हवा असेल तर सरकारने पैसे मोजायचे. इंग्रजांच्या काळातला कायदा, पण माणसाचा स्वभाव ओळखून केलेला. लपवण्यापेक्षा सांगण्यात फायदा दिसला तरच माणूस सांगतो, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

त्याच वावरात डायनोसॉरच्या मांडीचं हाड निघालं तर? इथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मोहरा कोणीतरी पुरलेल्या असतात. हाड कोणी पुरलेलं नसतं. ते पुराणवस्तू नाही, वन्यजीव नाही, खनिज म्हणावं तर तेही नाही. पुरातत्त्ववाल्यांचं काम माणसापासून सुरू होतं आणि वनखात्याचं वनहद्दीपाशी थांबतं. मग हाड धुऱ्यावर फेकलं जातं, नाहीतर मुरमाच्या टिप्परमधून रस्त्याच्या भरावात जातं.

नागपूरकरांना हे दूरचं वाटेल, म्हणून आधी नकाशा. जबलपूरजवळ नर्मदेच्या लमेटा घाटावर जे थर प्रथम ओळखले गेले, त्यांना भूशास्त्रात लमेटा म्हणतात. वय साधारण ६ कोटी ६० लाख ते ७ कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉरांचा अगदी अखेरचा काळ. गुजरातपासून मध्य प्रदेशातून विदर्भापर्यंत हे थर तुटक तुटक पसरले आहेत. आपल्याकडचा त्यांचा मोठा भाग नांद-डोंगरगावचं खोरं म्हणून ओळखला जातो. नांद आपल्याच जिल्ह्यात, भिवापूर तालुक्यात. डोंगरगाव आणि पिसदुरा पलीकडे वरोऱ्याच्या बाजूला, चंद्रपूर जिल्ह्यात. तांबडी-हिरवी चिकणमाती, मधे वाळूचे थर, कुठे पिवळसर पापुद्र्यांची माती, कुठे गाठीगाठींची चुनखडी. कोरड्याकडे झुकणारं हवामान, पावसाळ्यात फुगणाऱ्या नद्या आणि उथळ तळी, असा तेव्हाचा मुलूख होता. पुढे त्यावर लाव्हा पसरला आणि आपला काळा दगड तयार झाला. म्हणून लमेटा बहुतेक ठिकाणी काळ्या दगडाच्या खाली दबलेला असतो आणि जिथे त्या दगडाची कड संपते तिथे डोकं बाहेर काढतो. नागपूर नेमकं अशाच कडेवर बसलेलं आहे. पश्चिमेला गेलं की काळी जमीन आणि बेसाल्ट, पूर्वेला गेलं की जुना पांढुरका-गुलाबी खडक आणि धानाच्या बांध्या.

शहरातल्या शहरातही पुरावा होता. लाव्हाच्या दोन थरांमध्ये जो शांत काळ गेला त्यात तळी साचली, त्यांत गोगलगायी, मासे, झाडांच्या बिया गाडल्या गेल्या. हे थर लमेटाच्या वरचे, पण नात्यातलेच. टाकळीतल्या अशा थरातून स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शिंपल्या आणि बिया गोळा केल्या आणि १८५५ मध्ये रॉबर्ट हंटरबरोबर लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात नागपूर परिसरावर निबंध लिहिला. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. त्याची टाकळी मात्र ले-आउटखाली गेली. तिथे आज उकरून पाहायचं तर कोणाचा तरी पोर्च फोडावा लागेल.

टाकळी गेली ती गेली. नांद, पिसदुरा, डोंगरगाव अजून आहेत, आणि माझं म्हणणं त्यांच्याबद्दल आहे. ते थर वाचवायचे असतील तर पहिली गोष्ट उद्यान नाही, पुतळा नाही, संग्रहालयसुद्धा नाही. ज्याच्या वावरात जीवाश्म निघतो त्याला तो सांगितल्याबद्दल तोटा होणार नाही, हे कायद्याने लिहून दिलं पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

पिसदुऱ्याच्या शिवारात काय मिळतं ते नीट पाहिल्याशिवाय हा आटापिटा कशाला ते कळणार नाही. वखरलेल्या जमिनीत, पहिल्या पावसाने माती धुऊन गेली की राखी-पांढरट गोटे वर येतात. काही मुठीएवढे, काही त्याहून मोठे. एका टोकाला निमुळते, अंगावर वाळलेल्या चिखलासारख्या भेगा. नवख्या माणसाने नदीतला गोटा म्हणून टाकून द्यावेत असे. ती डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा. १९३९ मध्ये मॅटली या संशोधकाने त्यावर स्वतंत्र लेखन केलं होतं. शेजारी हाडांचे तुकडे, कासवाच्या पाठीचे तुकडे. हाड आणि साधा दगड यात शंका आली तर भूशास्त्रवाले तुकडा जिभेला लावून पाहतात. जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, ते जिभेला चिकटतं. (घरच्या पोरांना हे सांगू नका, ते अंगणातली सगळी गिट्टी चाटून पाहतील.)

या गोट्यांनी २००५ मध्ये जगाला धक्का दिला. गवताच्या पानात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. पान कुजलं, पचलं तरी ते टिकतात आणि गवताच्या प्रकाराप्रमाणे त्यांचा आकार बदलतो. लखनौच्या वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिसदुऱ्याच्या विष्ठेत असे कण सापडले, तेही एका नव्हे तर अनेक प्रकारच्या गवतांचे. तोवर डायनोसॉरच्या चित्रात पायाखाली गवत काढलं तर जाणकार हसायचे, कारण गवत त्यांच्यानंतर फोफावलं असं मानलं जाई. 'सायन्स'मध्ये तो निबंध आला आणि ते हसणं थांबलं. २०११ मध्ये याच लमेटातल्या सामग्रीवरून आणखी पुढचा निष्कर्ष निघाला: धानाचं कूळ डायनोसॉरांच्या काळातच वेगळं झालेलं होतं. भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरीकडे जो माणूस पिढ्यान्‌पिढ्या धान लावतो, त्याच्या पिकाच्या कुळाचा इतका जुना पुरावा त्याच मुलखातल्या शेणाच्या गोट्यात निघावा! दुसऱ्या एखाद्या राज्याने याचे फलक हमरस्त्यावर लावले असते.

डोंगरगावच्या टेकडीतून १९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी एका टायटनोसॉरचा, म्हणजे लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या अवाढव्य डायनोसॉरचा सांगाडा काढला. कवटी नाही, पण मणके, खांद्याची आणि कमरेची हाडं, असा भारतात क्वचितच मिळालेला ऐवज. १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि २००३ पासून त्याला आयसीसॉरस म्हणतात. ज्यांनी खोदलं, अभ्यासलं, सांभाळलं त्यांच्याबद्दल तक्रार करायचं कारण नाही. आपल्याकडे तेव्हा कोणी पुढे आलं नव्हतं. पण वरोऱ्याच्या पोराला आपल्या टेकडीचा प्राणी पाहायला कोलकात्याचं तिकीट काढावं लागतं, हेही खरं. हिस्लॉपचे नमुने लंडनला गेले, हा कोलकात्याला. नागपुरात रमण विज्ञान केंद्राच्या बागेत प्रागैतिहासिक प्राण्यांच्या प्रतिकृती आहेत, पोरं त्यांच्यासमोर फोटो काढतात, ते छानच आहे. फक्त त्या पोरांना अमेरिकेतला टी-रेक्स पाठ असतो आणि आपल्या जिल्ह्याच्या शेजारचा डायनोसॉर ऐकूनही माहीत नसतो.

हाड जागेवरून हललं की काय होतं याचा धडा जबलपूरने दिलेला आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन, त्याला १८२८ मध्ये जबलपूरच्या छावणीजवळच्या टेकडीत काही मणके मिळाले. आशियातला डायनोसॉरचा हा पहिला शोध. ते कोलकात्याला पोचले, १८७७ मध्ये लिडेकर या संशोधकाने त्यांना टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं आणि पुढे नमुने हरवले. ज्या मणक्यावर नाव दिलं तो मणकाच जागेवर नाही, अशी अवस्था अनेक दशकं होती. २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहातच धनंजय मोहबे आणि सुभाशीष सेन यांना तो पुन्हा सापडला. मोहबे नागपुरात काम केलेले. १९८०च्या दशकात गुजरातमधल्या लमेटात अंडी आणि पिल्लांची हाडं त्यांनीच शोधली होती, आणि त्यांतला एक दगड पुढे डायनोसॉरच्या घरट्यात वेटोळं घालून बसलेला साप निघाला.

पण हरवलेलं हाड निदान परत सापडू शकतं. थर हरवला की काही परत येत नाही. हाड कुठल्या थरात होतं, आडवं होतं की उभं, शेजारी काय होतं, खाली माती होती की वाळू, यावरून तो प्राणी पुरात वाहून आला की तिथेच मेला हे ठरतं. हे सगळं पुसून नुसतं हाड कपाटात ठेवलं तर तो गट नंबर नसलेला सातबारा. पोकलेन दीड तासात जेवढा थर उचलतो तेवढा ब्रशने उलगडायला दोन हंगाम लागतात. म्हणून चोरापेक्षा मला मुरमाच्या खाणीची धास्ती जास्त वाटते. चोर निवडक नेतो, खाण सगळं नेते आणि रॉयल्टी भरून नेते.

आता शेतकऱ्याकडे येऊ. भिवापूरकडच्या ओळखीतल्या एका माणसाच्या घरी मी दगड झालेल्या हाडाचा तुकडा दाराला अडण म्हणून लावलेला पाहिला आहे. कोणाला दाखवलं का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "कायले दाखवू भाऊ? आज साहेब येतीन, उद्या तार लावतीन, मंग मी तूर कुठी पेरू?" यात अडाणीपणा शोधणाऱ्याने या पट्ट्याचा नकाशा पुन्हा पाहावा. एका बाजूला गोसीखुर्द धरण, ज्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि ज्याच्या पुनर्वसनाची भांडणं लोकांच्या अजून तोंडी आहेत. दुसऱ्या बाजूला उमरेडच्या कोळसा खाणी. मधे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य. सरकारला इथल्या जमिनीत काही मोलाचं दिसलं की पुढे काय होतं, हे या लोकांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

आणि दिल्लीने काय आणलं? डिसेंबर २०२२ मध्ये खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळं आणि भू-अवशेष यांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी जाहीर केला. असा कायदा हवाच होता, भूशास्त्राची मंडळी वर्षानुवर्षं मागत होती. पण मसुद्याचा सूर असा की केंद्राने स्थळ जाहीर करायचं, गरज पडली तर जमीन संपादित करायची, बंदी घालायची, मोडली तर दंड आणि तुरुंग. अधिकार सगळे केंद्रात आणि सर्वेक्षणाच्या हातात. राज्यांना, विद्यापीठांना, गावाला जागा नावापुरती, ही टीका तेव्हाच झाली. त्या मसुद्याचा कायदा झालेला नाही. तो जसाच्या तसा झाला असता तर वरच्या माणसाने दाराचं अडण रातोरात विहिरीत टाकलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. संपादनाची धमकी जीवाश्माला वाचवत नाही, ती त्याला गायब करते.

दुसरं टोक अमेरिकेत आहे. तिथे खाजगी जमिनीतला जीवाश्म जमीनमालकाचा. 'सू' नावाचा टी-रेक्सचा सांगाडा निघाला, मालकीवरून कोर्टबाजी झाली आणि १९९७ मध्ये तो ८० लाख डॉलरहून अधिक किमतीला लिलावात गेला. शिकागोच्या संग्रहालयाने देणगीदारांच्या जोरावर घेतला म्हणून निदान लोकांसमोर आहे. तेव्हापासून डायनोसॉर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊ लागले. आपल्याकडे तसं झालं तर पिसदुऱ्याच्या शिवारात महिनाभरात दलाल फिरतील आणि शेतकऱ्याच्या हातात पाचशेची नोट पडेल. मंगोलियात उलट, सगळे जीवाश्म सरकारचे. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघालेला टार्बोसॉरसचा सांगाडा त्यांनी भांडून पुढच्या वर्षी परत आणला. मालकी सरकारची असल्यानेच हे जमलं. तेवढं आपणही घ्यावं.

मधला रस्ता डेन्मार्कने काढलेला आहे. १९९० पासून तिथे विशेष महत्त्वाचा जीवाश्म सरकारजमा होतो, पण ज्याला सापडला त्याला बक्षीस मिळतं, आणि लोक शोधून आणून देतात. मला हे आपल्या १८७८ च्या कायद्याचंच भावंड वाटतं. म्हणजे नवीन तत्त्वज्ञान शोधायला नको. हाड सरकारचं, जमीन शेतकऱ्याची, सांगण्याचा मोबदला निश्चित. खोदकामामुळे एखादा हंगाम बुडाला तर त्या पिकाची भरपाई, आणि खड्डा बुजवून वावर परत. गुप्तधनाला हा न्याय देता येतो तर हाडाला का नाही?

यावर एक हरकत मला अभ्यासकांकडूनच ऐकायला मिळते: बोभाटा करू नका, जागा कळली की लुटारू येतात. हरकत पोकळ नाही. नेमके अक्षांश-रेखांश छापायचे नाहीत, ही सावधगिरी योग्यच. पण गुपित कोणापासून राखायचं? गुराख्याला माहीत आहे, वखरणाऱ्याला माहीत आहे, पोकलेनवाल्याला तर सगळ्यात आधी कळतं. ज्याला माहीत नाही तो तलाठी आणि तहसीलदार, म्हणजे परवान्यावर सही करणारे. लुटारू शोधून काढतो, सही करणाऱ्याला मात्र सांगावंच लागतं.

गावकऱ्यांवर भरवसा ठेवता येईल का, असंही विचारतात. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावची बातमी २०२३ च्या अखेरीस सगळीकडे आली होती. शेतात निघालेले गोल दगड लोक काकड भैरव म्हणून पुजत होते, शेताचं रक्षण करणारा देव म्हणून. ती टायटनोसॉरची अंडी निघाली. बातमी हसत हसत छापली गेली, पण पाहायला हवं ते हे की तो दगड पुजला गेला म्हणून उरला. आपल्याकडेही धुऱ्यावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला कोणी पोकलेन लावत नाही. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीत आज कुंपण आणि २०१९ पासून संग्रहालय आहे, पण त्याआधी कितीतरी वर्षं तिथल्या संस्थानिक घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी आणि गावातली माणसंच राखण करत होती.

राहिला विकासाचा मुद्दा. रस्त्याला मुरूम लागतो, घराला गिट्टी लागते, मी स्वतः सिमेंटच्या घरात राहतो. लमेटाचा पट्टा एकूण खाणक्षेत्राच्या मानाने चिंचोळा आहे, काळ्या दगडाला तोटा नाही. त्या पट्ट्यातला थोडा मुरूम मागेपुढे झाला तर कुठलाही रस्ता अडत नाही. अडतं ते माहितीवर. सर्वेक्षणाच्या भूशास्त्रीय नकाशात लमेटा दाखवलेला असतो. खाणपट्ट्याच्या अर्जात गट नंबर असतो. हे दोन कागद एका टेबलावर येत नाहीत, एवढाच घोळ.

आणि हे टेबल मांडायला नागपूरइतकी सोयीची जागा देशात नसेल. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. राज्याच्या भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयाचं मुख्यालयही इथेच. विद्यापीठात भूशास्त्राचा जुना विभाग. १८६०च्या दशकापासूनचं अजबबंगल्याचं मध्यवर्ती संग्रहालय, जिथे डोंगरगावच्या सांगाड्याची निदान एक साचेबद्ध प्रत यायला हवी. एका ऑटोत बसून दुपारभरात ही सगळी कार्यालयं फिरून होतील.

दिल्लीच्या कायद्याची वाट पाहायचीही गरज नाही. मुरूम, गिट्टी ही गौण खनिजं, आणि त्यांचे नियम १९५७ च्या खाण कायद्याच्या कलम १५ प्रमाणे राज्य सरकार करतं. नांद-डोंगरगावच्या पट्ट्यातल्या परवान्याला एक अट जोडता येते: खोदण्याआधी भूशास्त्राच्या माणसाची पाहणी, खोदताना हाड किंवा अंडं दिसलं तर काम थांबवून कळवणं, आणि थांबलेल्या दिवसांची मुदतवाढ. शेवटचं कलम विसरलं तर ठेकेदार कधीच कळवणार नाही. शेतकऱ्याच्या मोबदल्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे पाहावं. कोळशामुळे नागपूर आणि चंद्रपूर दोन्ही जिल्ह्यांच्या प्रतिष्ठानांकडे निधी येतो आणि तो खाणींनी बाधित लोकांसाठीच असतो. त्याच्या नियमांत हे बसवायला शासन निर्णय लागेल, तो काढावा. आणि पाहणीचा निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा, म्हणजे "साहेब आले आणि काहीतरी लिहून गेले" अशी गत होणार नाही.

हिवाळी अधिवेशनात विदर्भाचे आमदार अनुशेषावर बोलतात, बोलायलाच हवं. त्यातले नागपूर-चंद्रपूरचे चार-दोन जण या अटीसाठी उभे राहिले तर खर्चाचा आकडाही फार मोठा मागावा लागणार नाही. पावसाळा सरला की मुरमाच्या परवान्यांची घाई सुरू होते. अट त्याआधी नियमात यायला हवी, नाहीतर आणखी एक हंगाम टिप्परमधून जाईल.